दाबाविना छपाई : केकचा पृष्ठभाग आणि छिद्रांचा इतिहास

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात मुद्रणाचा इतिहास येतो, तो बहुधा दाबाचा इतिहास म्हणून येतो. गुटेनबर्गचे खिळे, श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी पाडून घेतलेला देवनागरी टाइप, गणपत कृष्णाजींचा शिळाछापखाना, जावजी दादाजींचे निर्णयसागर हे त्या इतिहासाचे टप्पे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. या टप्प्यांत तंत्र बदलत गेले. मूळ क्रिया मात्र एकच राहिली. शाई लागलेला कठीण पृष्ठभाग, त्यावर कागद, आणि वरून दाब. इंग्रजीत वृत्तपत्रसृष्टीलाच 'प्रेस' हे नाव पडले ते या दाबावरून. मराठीतही एखाद्या लेखकाची 'छाप पडते', त्याचा 'ठसा उमटतो' असे आपण म्हणतो, तेव्हा मनाशी असते ती याच क्रियेची प्रतिमा.

ज्या पृष्ठभागाला दाब सोसतच नाही, त्यावर छापायचे कसे? हा प्रश्न वरकरणी साहित्याच्या अभ्यासकाचा वाटत नाही. तो मिठाईवाल्याचा, बेकरीवाल्याचा किंवा घरी केक करून विकणाऱ्या गृहिणीचा प्रश्न आहे. केकच्या स्पंजवर खिळा दाबला तर खिळ्याचा ठसा उमटण्याऐवजी केकच बसेल. तरीही केकवर छापले जाते. नक्षी छापली जाते, चित्रे छापली जातात, अक्षरेही छापली जातात. आणि त्यासाठी वापरले जाणारे एक प्रमुख तंत्र म्हणजे लग्नपत्रिकांमुळे आणि सदऱ्यांवरील मजकुरामुळे आपल्या परिचयाचे झालेले स्क्रीन प्रिंटिंग. या तंत्राचा मागोवा घेताना छपाईचा एक दुसरा, दाबाविना चालणारा इतिहास हाती लागतो. साहित्याच्या इतिहासाशी त्याचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तेच दाखवण्याचा प्रयत्न आहे.

१. चेपणे, ओतणे, गाळणे

खाद्यपदार्थावर आकृती उमटवण्याच्या रीती स्थूलमानाने तीन आहेत. पहिली चेपण्याची. युरोपात कोरीव लाकडी साच्यांवर पीठ दाबून नक्षीदार बिस्किटे करण्याची परंपरा जुनी आहे. बंगालातील संदेश असाच साच्यात दाबला जातो, आणि आपल्या उकडीच्या मोदकाचा साचाही याच जातीचा. दुसरी रीत ओतण्याची. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात पाक ओतून केल्या जातात. या दोन्ही रीतींत आकार पदार्थालाच येतो. नक्षी आणि पदार्थ एकाच द्रव्याचे असतात.

तिसरी रीत गाळण्याची. पृष्ठभागावर एक आडोसा धरायचा, त्या आडोशाला हव्या त्या जागी छिद्रे ठेवायची आणि त्या छिद्रांतून पूड किंवा लगदा खाली उतरू द्यायचा. जेथे छिद्र तेथे रेषा, जेथे आडोसा तेथे मोकळी जागा. केकवर जाळीदार कागद ठेवून वरून पिठीसाखर भुरभुरवली आणि कागद अलगद उचलला की खाली नक्षी राहते. ही या रीतीची सर्वांत साधी आवृत्ती होय. येथे पृष्ठभागावर जवळजवळ भार पडतच नाही. म्हणूनच भिंत, कापड, कातडी, जमीन आणि केक अशा मऊ, खडबडीत किंवा अस्थिर पृष्ठभागांनी छपाईची हीच रीत स्वीकारली.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कागदावर समान अंतराने खुणा करून पेटत्या उदबत्तीने त्यांना भोके पाडायची, तो कागद सारवलेल्या जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरायची आणि कागद उचलायचा, हे अनेक घरांत चालत आले आहे. पुढे बाजारात पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे छिद्रांचे छापे आले. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड. 'शर्करा' या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ खडा, वाळूचा कण असाच आहे, आणि फारसी-अरबीच्या वाटेने युरोपीय भाषांत गेलेले साखरेचे नाव त्याच शब्दातून निघाले आहे. अंगणातील पूड आणि केकवरील पूड यांचे नाते असे भाषेतही नोंदले गेले आहे.

२. पुलाची अडचण

उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदाचे एक दूरचे भावंड चीनच्या वायव्येस तुनह्वांग येथील लेण्यांत सापडले. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन तेथे पोहोचले आणि त्यांनी नेलेल्या हजारो हस्तलिखितांबरोबर बुद्धप्रतिमांची सुईने टोचलेली कागदी खाकेही होती. भिंतीवर कागद धरायचा, टोचलेल्या छिद्रांवरून रंगीत पुडीची पुरचुंडी थोपटायची आणि खाली उमटलेल्या ठिपक्यांवरून चित्रकाराने रेषा ओढायची, अशी ही पद्धत. एकाच खाकेवरून अनेक बुद्ध काढता येत. एका अर्थाने ही छपाईच होती.

ठिपक्यांपुरते हे तंत्र सोपे आहे. सलग आकृती कापायची झाली की एक अडचण उभी राहते. कागदातून वर्तुळाची रेषा कापून काढली, तर रेषेच्या आतील गोल तुकडाही गळून पडतो. तो जागेवर ठेवायचा तर त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारा एक पूल ठेवावा लागतो, आणि हा पूल छपाईत रेषेतील खंड म्हणून दिसतो. खोक्यांवर स्टेन्सिलने लिहिलेल्या रोमन अक्षरांची तुटक घडण याच अडचणीतून आली आहे.

देवनागरीत ही अडचण अधिक बिकट होते. 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातील पांढरी जागा तर बंदिस्त असतेच. पण शिरोरेषेमुळे 'प', 'म', 'घ' यांची पोटेही वरून बंद होतात. ती उघडण्याचा सोपा मार्ग म्हणजे शिरोरेषा तोडून तेथे पूल ठेवणे. परंतु शिरोरेषा तुटली की 'घ' हा 'ध'सारखा आणि 'म' हा 'भ'सारखा दिसू लागतो. 'घन'चे 'धन' होते, 'मार'चा 'भार' होतो. म्हणजे रोमन लिपीत जी केवळ सौंदर्याची उणीव होती, ती आपल्या लिपीत अर्थाची चूक ठरते. लिपी आणि तंत्र यांच्या संबंधांवर वर्गात बोलताना खिळ्यांच्या जोडाक्षरांचे उदाहरण नेहमी दिले जाते. हे उदाहरणही तितकेच बोलके आहे.

या अडचणीवर जपानी कारागिरांनी फार सुंदर तोड काढली. कापड रंगवण्यासाठी ते ज्या 'कातागामी' नावाच्या स्टेन्सिली वापरत, त्या तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेल्या कागदाचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसाने चिकटवून, धुरी देऊन तयार केलेल्या असत. इसे परगण्यातील शिरोको आणि जिके ही गावे या कामासाठी प्रसिद्ध होती. नाजूक नक्षीत पूल ठेवायला जागा नसे, तेव्हा कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे तलम धागे ताणून बसवत. सुटे तुकडे या धाग्यांवर तरंगत राहत आणि धागा इतका बारीक असे की छपाईत त्याची खूण उरत नसे.

या स्टेन्सिलींतून कापडावर जे पसरवले जाई, ते बहुतेकदा रंग नसे. ती असे चिकट तांदळाचे पीठ आणि कोंडा यांची शिजवलेली खळ. खळ लागलेल्या जागी रंग चढत नसे. कापड रंगवून धुतले की तेथे पांढरी नक्षी राही. म्हणजे छिद्रांतून पीठ उतरवण्याची विद्या बेकरीत येण्याच्या कितीतरी आधी रंगाऱ्याच्या घरी होती. साधने आणि हाताची चाल दोन्हीकडे जवळजवळ सारखीच.

रेशमी धाग्यांऐवजी सबंध रेशमी कापडच चौकटीवर ताणले आणि नको असलेली छिद्रे बुजवली, तर पुलाचा प्रश्नच संपतो. कारण कापडाचा प्रत्येक धागा हा पूल असतो. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी अशा रेशमी जाळीच्या वापराचे पेटंट घेतले ते १९०७ मध्ये, म्हणजे तुनह्वांगची टोचलेली खाके लेण्यांतून बाहेर पडली त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे. पण एका जुन्या तंत्राचा पुरावा आणि त्याचे आधुनिक रूप एकाच वर्षी प्रकाशात यावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

३. केकचे पान कोरे कसे झाले

छापायला छिद्रे मिळाली. पण छापण्याजोगे कोरे पान केकवर आले कोठून? याचे उत्तर साखरेच्या इतिहासात आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजेरजवाड्यांच्या मेजवानीत दोन वाढपांच्या मध्ये साखरेची शिल्पे मिरवीत आणली जात. मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साखरेवरील ग्रंथात या शिल्पांकडे सत्तेची भाषा म्हणून पाहिले आहे. १४२९ मध्ये सहाव्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत अशी शिल्पे होती आणि त्यांच्यासोबतच्या काव्यपंक्ती जॉन लिडगेट या कवीने रचल्या होत्या. त्या पंक्ती आज इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला वाचायला मिळतात. साखर अर्थातच उरली नाही. मजकूर आणि त्याचे वाहन यांची अशी फारकत साहित्याच्या इतिहासात क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

पुढे साखर स्वस्त होत गेली तशी ती शिल्पातून उतरून केकच्या पाठीवर पसरली. १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर देण्याची कृती आहे. साखर जितकी शुभ्र तितकी ती अधिक शुद्ध आणि महाग; तेव्हा केकचा पांढरेपणा हा यजमानाच्या ऐपतीचा दाखला होता. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला, तेव्हाचा केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता आणि त्याचा घेर तीन यार्ड होता. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घोटून केलेल्या, वाळल्यावर टणक होणाऱ्या आयसिंगला 'रॉयल' हे विशेषण चिकटले ते राजघराण्याच्या अशा केकांमुळेच, असे सामान्यतः सांगितले जाते.

या आयसिंगने केकला दोन गोष्टी दिल्या : कागदासारखा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग आणि शाईसारखे हवे तेथे लावता येणारे द्रव्य. पुढची शंभर वर्षे त्या पानावर हाताने लिहिले गेले. कागदाच्या कोनात आयसिंग भरायचे आणि टोकातून बारीक धार सोडायची, ही आपल्या मेंदीच्या कोनाचीच रीत. जोसेफ लॅम्बेथ यांचे १९३४ चे पुस्तक हे या हस्तकौशल्याचे शिखर मानले जाते. थरावर थर चढवून उभारलेल्या त्यांच्या महिरपी, वेली आणि झालरी आजही 'लॅम्बेथ पद्धत' म्हणून ओळखल्या जातात. प्रत्येक केक हे एकच प्रत असलेले हस्तलिखित होते, असे म्हणता येईल.

४. सामाईक फडताळ

मुद्रणाच्या इतिहासात हस्तलिखितानंतर छपाई येते. केकच्या इतिहासातही तसेच घडले. केकवरची छपाई ही मुद्रणालयातून स्वयंपाकघरात झालेली घुसखोरी आहे, असा समज मात्र बरोबर नाही. या दोन जागांचे फडताळ पूर्वीपासून सामाईक होते. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांचा कागद अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप देऊन तयार करत. रॉयल आयसिंगही त्याच द्रव्याचे. स्क्रीनवर छायाचित्र उतरवण्याच्या जुन्या पद्धतीत जिलेटीनमध्ये डायक्रोमेट क्षार मिसळून जाळीवर लेप देत. उजेड लागलेला भाग घट्ट होई आणि न लागलेला कोमट पाण्याने धुऊन जाई. जिलेटीन स्वयंपाकघरातले, डिंक आणि खळही तेथलीच. डायक्रोमेट मात्र विषारी, आणि येथेच सीमारेषा येते. सदऱ्यांच्या छपाईची चौकट धुऊनपुसून केकवर वापरता येत नाही. जाळी, लेप आणि रंग हे सारे अन्नाला चालणारे असावे लागते. आपल्याकडील २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत कृत्रिम खाद्यरंगांची यादी केवळ आठ नावांची आहे. चित्रकाराच्या रंगपेटीशी तुलना केली तर ही वर्णमाला किती लहान आहे ते कळेल.

प्रत्यक्ष कृती पाहिली की दाबाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. केकवर फाँडंटचा किंवा सुकलेल्या आयसिंगचा गुळगुळीत थर असतो. त्यावर जाळी अलगद टेकवायची, एका कडेला आयसिंगची ओळ घालायची आणि पट्टीने ती एकाच दिशेने ओढून घ्यायची. आयसिंग पातळ झाले तर ते जाळीखाली पसरते आणि रेषा फुटतात. घट्ट झाले तर छिद्रांत अडकते. पट्टी दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह आवरावा लागतो. जाळी सरळ वर उचलावी लागते. ती तिरकी झाली की कडा पुसल्या जातात. कोन धरणारा हात आणि पट्टी ओढणारा हात यांची कौशल्ये वेगळी आहेत. स्क्रीन आली म्हणजे हात गेला, असे मात्र नाही. रेषा काढण्याचे काम संपते. द्रव्याचा घट्टपणा ओळखण्याचे काम उरते, आणि ते यंत्राला सहज सोपवता येत नाही.

फ्रेंच बेकरीत याहून विलक्षण एक प्रकार आहे. लोणी, पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि मैदा समप्रमाणात घेऊन केलेला रंगीत लगदा स्टेन्सिलमधून किंवा स्क्रीनमधून सिलिकॉनच्या चटईवर उतरवतात. ती नक्षी गोठवतात, मग तिच्यावर बदामाच्या पातळ केकचे मिश्रण पसरून भाजतात. भाजून झाल्यावर चादर उलटली की नक्षी केकच्या अंगातच विणल्यासारखी दिसते. येथे आधी लिहिले जाते आणि मग त्या लेखनावर पान ओतले जाते. चॉकलेटवरील नक्षीही अशीच उलट क्रमाने येते. पारदर्शक पत्र्यावर रंगीत कोकोआ बटरने स्क्रीनद्वारे नक्षी छापलेली असते, त्यावर वितळलेले चॉकलेट पसरतात आणि ते घट्ट होताना नक्षी आपल्या अंगावर घेते. कोकोआ बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश असते. म्हणजे ही छपाई जिभेवर ठेवताच वितळावी अशाच द्रव्याची आहे.

५. टीबोचे केक, वॉरहॉलची जाळी

वर उल्लेखिलेल्या बदामाच्या केकचे फ्रेंच नाव 'जोकोंद'. मोनालिसालाही फ्रेंचमध्ये हेच नाव आहे. या नामसाम्यावरून आम्हांस आधुनिक चित्रकलेतील एक प्रसंग आठवतो. सप्टेंबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील पासाडीना येथील कलासंग्रहालयात रोजच्या वापरातील वस्तूंच्या चित्रांचे एक प्रदर्शन भरले. त्यात अँडी वॉरहॉल होते आणि वेन टीबोही होते. टीबो केक रंगवत. त्यांचा तैलरंग इतका दाट असे आणि सुरी-कुंचल्याने तो असा फिरवलेला असे, की चित्रातील आयसिंग हे आयसिंगसारखेच थापलेले दिसे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातील त्यांचे १९६३ चे 'केक्स' हे चित्र याचा उत्तम नमुना आहे. वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे त्याच वर्षी हाताने रंगवलेली होती. पण १९६२ मध्येच ते स्क्रीन प्रिंटिंगकडे वळले, आणि १९६३ मध्ये त्यांनी मोनालिसाही जाळीतून अनेकवार छापली.

एकाने रंगाला आयसिंग केले, दुसऱ्याने चित्राला छापील माल केले. वाल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या सुमारास यांत्रिक पुनरुत्पादनावरील आपल्या निबंधात मांडलेला प्रश्न येथे समोर उभा राहतो : प्रती वाढल्या की मूळ कृतीचे 'येथे आणि आत्ता' असणे हरवते का? छापलेला केक या प्रश्नाला एक वेगळेच वळण देतो. त्याच्या नक्षीच्या कितीही प्रती काढता येतात. पण प्रत्येक प्रत एकाच घरात, एकाच संध्याकाळी, ठरावीक माणसांसमोर असते आणि त्याच संध्याकाळी संपते. बेंजामिन यांच्या मांडणीत यंत्रामुळे गेलेले एकवेळपण येथे खाण्याच्या क्रियेमुळे परत येते. वॉरहॉलच्या मोनालिसाच्या वाट्याला हे आले नाही. ती संग्रहात जाऊन बसली.

६. केकवरचा मजकूर कोणाचा?

१९९०च्या दशकापासून खाद्य शाईने छापणारी यंत्रे आली आणि छायाचित्रे व मजकूर थेट आयसिंगच्या पातळ पत्र्यावर छापणे शक्य झाले. येथे जाळी उरली नाही. शाईचे सूक्ष्म थेंब थेट पृष्ठभागावर पडतात. दाब अर्थात याही छपाईत नाही. या यंत्रांनी केकला पोस्टर केले आणि त्याबरोबर पोस्टरचे वादही केकवर आले.

मे २०१४ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे एका ग्राहकाने ॲशर्स या बेकरीकडे समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा आणि चित्र छापलेला केक मागितला. बेकरीच्या मालकांनी धार्मिक श्रद्धेचे कारण देऊन नकार दिला. खालच्या न्यायालयांनी हा भेदभाव ठरवला; १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की हरकत ग्राहकाला नव्हती, मजकुराला होती. आणि ज्या मताशी आपण सहमत नाही ते व्यक्त करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये यावरील अर्ज विचारार्थ स्वीकारला नाही.

निकाल पटो वा न पटो, त्यातील गृहीतक साहित्याच्या अभ्यासकाने तपासण्यासारखे आहे. मजकूर छापणारा हा त्या मजकुराचा बोलणाराही असतो का? पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असणे बंधनकारक केले. पुढे २०२३ च्या नव्या कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली. पण 'मुद्रक, प्रकाशक' अशी ओळ मराठी नियतकालिकांच्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. केकवर अशी ओळ नसते. तेथे लेखक, मुद्रक आणि वाचक यांच्या भूमिका अद्याप वेगळ्या झालेल्या नाहीत. म्हणूनच न्यायालयाला त्या वेगळ्या करून पाहाव्या लागल्या. भक्ष्य वस्तूवरील एका ओळीसाठी देशातील सर्वोच्च न्यायपीठ बसते, याचा अर्थ ती ओळ मजकूर आहे, हे समाजाने मान्य केले आहे. साहित्यविचाराने ते अजून केलेले नाही.

७. साधन उरते, छपाई जाते

छिद्रांच्या छपाईचा मराठी साहित्याशी थेट संबंध आहे आणि तो आपण विसरतो. थॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये पेटंट घेतलेली विजेची लेखणी कागदाला सूक्ष्म छिद्रे पाडत असे; त्या छिद्रांतून शाई उतरवून प्रती काढल्या जात. डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ मध्ये लंडनला पेटंट केलेल्या साधनातून 'सायक्लोस्टाइल' हा शब्द आला आणि मराठीत रुळला. मेणकागदावर टंकयंत्राने अक्षरे कोरायची आणि त्यांतून शाई गाळायची, ही क्रिया जातीने ठिपक्यांच्या कागदाची आणि स्क्रीनचीच आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत काढलेले 'शब्द' हे अनियतकालिक असेच सायक्लोस्टाइल केलेले होते. लघुनियतकालिकांची चळवळ आपण प्रस्थापितांविरुद्धचे बंड म्हणून शिकवतो. ते बंड छापखान्याच्या दाबाबाहेरच्या तंत्रावरही उभे होते, हे क्वचितच सांगतो. पैसा नसताना, खिळे जुळवणारा नसताना आणि छापायला कोणी तयार नसतानाही छिद्रांतून शाई गाळता येते. त्या अंकांचा कागद साधा आणि प्रती मोजक्या असत. पुढे नामवंत झालेल्या कवींच्या त्या सुरुवातीच्या खुणा आज दुर्मीळ आहेत, याचे एक कारण त्यांच्या तंत्रातच होते.

येथे या दोन इतिहासांमधील एक मूलभूत फरक समोर येतो. दाबाच्या छपाईत साधन मोडले जाते आणि छपाई उरते : खिळे सोडवून पुन्हा घरांत टाकले जातात, पुस्तक मात्र ग्रंथालयात राहते. छिद्रांच्या छपाईत पुष्कळदा याच्या उलट घडते. तुनह्वांगची टोचलेली खाके उरली. त्यांतून गळलेली पूड चित्राखाली लुप्त झाली. जपानी कातागामी आज युरोपातील संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतून उतरलेली तांदळाची खळ पहिल्याच धुण्यात गेली. रांगोळीचा छापा कोनाड्यात राहतो आणि रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. केकची जाळी धुऊन ठेवली जाते आणि केक खाल्ला जातो.

आपली साहित्याची इतिहासलेखनपद्धती मात्र टिकलेल्या छपाईवर उभी आहे. जे ग्रंथालयात आहे ते साहित्य, आणि जे नाही ते लोकजीवन, हौस किंवा धंदा अशी वाटणी आपण नकळत करून टाकतो. या वाटणीत कोणाचे काम सतत बाहेर राहिले, हे पाहावयास हवे. उंबऱ्यावर रोज नवे चिन्ह काढणाऱ्या बायका, शिरोकोचे कागद कापणारे कारागीर, बेकरीत आयसिंगची अक्षरे लिहिणारे हात यांपैकी फारच थोड्यांची नावे कोठे नोंदली गेली. त्यांचे काम कमी प्रतीचे होते म्हणून ते गळले, असे मानण्यास काही आधार नाही. ते ज्या पृष्ठभागावर होते, तो पृष्ठभाग टिकणारा नव्हता, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. लिडगेटच्या पंक्ती कागदावर उतरल्या म्हणून कवी म्हणून त्याचे नाव त्यांच्याशी जोडलेले राहिले. साखर घडवणाऱ्याचे नाव आम्हांस कोठे आढळत नाही.

मुद्रणसंस्कृतीवरील अभ्यासघटकात या दुसऱ्या इतिहासासाठी एक-दोन तासिका राखून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. त्यासाठी मोठी सामग्री लागणार नाही. ठिपक्यांचा एक कागद, जुन्या सायक्लोस्टाइल अंकाचे एखादे पान, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडील एक चौकट आणि बेकरीतील एक जाळी एवढे वर्गात आणले तरी पुरे. विद्यार्थ्यांनी 'घ' हे अक्षर कागदातून स्वतः कापून पाहावे, ते 'ध' न होता कसे वाचवता येईल याचा विचार करावा, आणि मग जाळीतून ते साखरेच्या थरावर उतरवावे. उतरवलेले अक्षर खाऊन टाकण्यापूर्वी त्याची नोंद कशी ठेवायची, कोणाच्या नावाने ठेवायची आणि ठेवायचीच का, हे प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारावेत. साहित्याच्या इतिहासाची पद्धती शिकवायला यापेक्षा चांगली सुरुवात आम्हांस तरी सुचत नाही.